दूधसागरच्या वाटेवरचं मीठ

जुलै २०२३ मधला तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पावसाळी हवा, बाजूला ओलंगच्च जंगल, आणि रेल्वे रुळांच्या कडेला पोरंपोरी ओळीनं उठाबशा काढतायत. दूधसागर धबधब्याकडे रुळांवरून चालत निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी दिलेली ती शिक्षा होती. खाली कमेंट्समध्ये नेहमीप्रमाणे दोन तट. एका बाजूचं म्हणणं, बरं झालं, रील्सच्या नादात मरतील एखाद दिवस. दुसरी बाजू म्हणे, निसर्ग बघायला जाणं हा काय गुन्हा आहे का?

त्या सगळ्या गोंधळात रेल्वेचं एक वाक्य मात्र सरळ होतं: ही ट्रेकची वाट नाही, चालू लाइन आहे. खरंच आहे ते. सह्याद्रीच्या या तुकड्यातल्या वाटा मालासाठीच पडल्या. १८८८ पासून माल रुळांवरून जातो, त्याआधी तो शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून जायचा. बैलांबरोबर माणसं, बायका, लेकरं पायी चालायची. आपण ज्याला आज ‘मॉन्सून ट्रेक’ म्हणतो तेच अंतर, पण पोटासाठी. आणि गोण्यांत असायचं मीठ.

ज्या समाजानं हे मीठ वाहिलं त्या समाजाचे तांडे माझ्या गावाभोवती आहेत. माझं गाव धारूर, जिल्हा बीड. किनाऱ्यापासून चांगलं लांब, कोरडं, आणि आजही रेल्वे नसलेलं. दूधसागर आणि धारूर यांना जोडणारं काय, असं कुणीही विचारेल. मलाही हे जोडकाम कामाच्या निमित्तानंच सुचलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मध्यंतरी आमच्या टीमकडे क्रूझ प्रवाशांच्या किनारासहलींच्या बुकिंगचं काम होतं. जहाज सकाळी बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत प्रवाशांना काय काय दाखवायचं, त्याची यादी. कॅरिबियन बेटांच्या यादीत एक प्रकार हमखास येतो: ‘रेनफॉरेस्टमधल्या धबधब्यापर्यंत हाइक’. डेटाबेसमध्ये त्याला ठरलेले कॉलम असतात. बंदर, अंतर, चालण्याचा वेळ, अवघडपणा, पाण्यात उतरता येतं का, कमीत कमी वय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जहाजावर परत हजर राहण्याची वेळ. बेटं वेगळी, देश वेगळे, पण वर्णनं इतकी सारखी की टेस्टिंगसाठी एका बेटाचं वर्णन दुसऱ्याला चिकटवलं तरी चटकन कुणाच्या लक्षात येणार नाही.

ती वाट मुळात कशासाठी पाडली होती, याचा मात्र कॉलम नसतो. नसणारच, सहलीला आलेल्या माणसाला त्याचं काय. पण मला सवय आहे, एखादं फील्ड रिकामं दिसलं की ते का रिकामं आहे हे शोधायची.

पोर्तो रिकोचं उदाहरण घ्या. सान हुआन बंदरात उतरलेले प्रवासी एल युंके जंगलात जातात. तिथला प्रसिद्ध धबधबा ला मिना. स्पॅनिशमध्ये ‘मिना’ म्हणजे खाण. स्पॅनिश लोक त्या नद्यांमध्ये सोनं शोधत आले, ते नाव राहिलं. १८७६ मध्ये स्पेनच्या राजानं ते जंगल राखीव केलं, पुढं बेट अमेरिकेकडे गेलं, १९०३ मध्ये अमेरिकेनंही ते राखीव ठेवलं, आणि तिथले कितीतरी रस्ते अन् पायवाटा १९३० च्या दशकात, मंदीत बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या सरकारी योजनेतून तयार झाल्या. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या भाषेत सांगायचं तर मातीकाम आणि दगडकाम. जमैकातलं ओचो रियोस हे क्रूझवाल्यांचं आणखी एक लाडकं बंदर. नावाचा अर्थ ‘आठ नद्या’ असा दिसतो, पण ते मूळच्या ‘लास चोरेरास’ या स्पॅनिश शब्दाचं बिघडलेलं रूप मानतात, आणि त्याचा अर्थच पाण्याच्या धारा, धबधबे. या धबधब्यांच्या गावातून १९५२ पासून रेनॉल्ड्स कंपनी बॉक्साइट बाहेर पाठवू लागली. पर्यटकांच्या जहाजांची गर्दी त्यानंतरची.

त्याच यादीच्या भारतीय पानावर मुरगाव बंदर होतं. आणि मुरगावपुढे आपलं ओळखीचं नाव, दूधसागर.

दूधसागरची उंची ३१० मीटर. मांडवीच्या खोऱ्यातलं पाणी गोवा-कर्नाटक सीमेवरच्या कड्यावरून टप्प्याटप्प्यानं खाली येतं, आणि मधल्या टप्प्यावरून रेल्वेचा पूल जातो. ‘चेन्नई एक्सप्रेस’ २०१३ मध्ये आला आणि तो पूल देशभर पोचला. पण हा पूल तिथं का आहे, याचं उत्तर लिस्बनमध्ये २६ डिसेंबर १८७८ ला झालेल्या ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या करारात आहे. मला शाळेत याच्याबद्दल एक ओळही शिकवली गेली नव्हती.

करारात पोर्तुगालला हवी होती रेल्वे. गोव्याचं राज्य तोवर पार थकलेलं. मुरगावला चांगलं नैसर्गिक बंदर आहे, ते घाटावरच्या मुलखाला जोडलं तर कापूस आणि धान्य इथून बाहेर जाईल आणि गोव्याला पुन्हा बरे दिवस येतील, असा हिशेब. इंग्रजांना हवं होतं मीठ. म्हणजे गोव्याचं मीठ त्यांना खायचं नव्हतं, ते थांबवायचं होतं. इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर होता, गोव्यात मीठ स्वस्त. घाटातून ते वर चढलं की इंग्रजांचा कर बुडायचा. उत्तरेत याच मिठासाठी त्यांनी काटेरी झाडांचं शेकडो मैलांचं कुंपण उभं केलं होतं, ते १८७९ मध्ये सोडून दिलं. गोव्याभोवती कुंपण घालण्यापेक्षा सरळ मिठागरांवरच ताबा मिळाला तर काम सोपं.

तसंच झालं. करार १८८० च्या जानेवारीत लागू झाला. गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर इंग्रजांचं नियंत्रण आलं, त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये. किती मिठागरं चालायची, किती मीठ पिकवायचं, ते इंग्रज अधिकारी ठरवू लागले. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकात उठली आणि रेल्वेचं काम सुरू झालं. कंपनीचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, भांडवल इंग्लंडचं, आणि त्या भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. ही हमीची पद्धत भारी आहे. गाडी चालो न चालो, लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणार आणि ते गोव्याच्या तिजोरीतून जाणार.

घाटाला नाव मिळालं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्याचं. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढं गेल्यावर एक मीटर वर. आपल्या कर्जत-खंडाळ्याच्या भोर घाटाइतकाच खडा. खालचा भाग १८८७ मध्ये सुरू झाला आणि १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक ८२ किलोमीटरची लाइन पूर्ण झाली. पुढं लोंढा, हुबळीकडे जाणारी लाइन सदर्न मराठा रेल्वेची, जी १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ‘दुष्काळात धान्य पोचवणारी लाइन’ म्हणून उभी राहिली. कॅसलरॉक आणि लोंढ्याच्या मधल्या एका स्टेशनचं नाव बघा: तिनईघाट. रेल्वेच्या वेळापत्रकात जुन्या घाटवाटेचं नाव अजून शाबूत आहे.

आणि त्याच १८८८ च्या जानेवारीत इंग्रज सरकारनं मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मिठाच्या सत्याग्रहाचं नाव काढलं की आपल्याला १९३० चं शिरोडं आठवतं, गोव्याच्या सीमेला लागून असलेलं. तिथली चीड एका रात्रीत आलेली नव्हती.

आता रुळांच्या आधीच्या काळाकडे येतो.

घाटावर मीठ पिकत नाही. माणसाला लागतं, जनावराला लागतं, लोणच्याला आणि कातडं कमवायलाही लागतं. ते किनाऱ्यावरून वर न्यावंच लागायचं आणि येताना धान्य, डाळी, कापूस खाली आणायचा. गाड्या या घाटांमधून चालत नसत. हे काम पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचं, आणि बैल हाकणारे बंजारा. आमच्याकडे लमाण किंवा लभाण म्हणतात, कर्नाटकात लंबाणी, तेलंगणात लंबाडा. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’, म्हणजे मीठ, यावरून आला असं सांगतात. ते स्वतःला गोर म्हणवतात आणि त्यांच्या बोलीला गोरबोली.

सतराव्या शतकात हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये दख्खनमधून फिरला. त्यानं लिहिलंय की या लोकांचे चार गट आहेत आणि प्रत्येक गट एकच माल वाहतो: एक धान्य, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. रस्ता अरुंद असला तर तांडा पूर्ण जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावं लागे. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला १६३२ मध्ये उत्तरेत भेटलेल्या तांड्यात १४,००० बैल होते. ऐकायला हे गप्पांसारखं वाटतं, म्हणून मी गणित करून पाहिलं. एका बैलाच्या पाठीवर अंदाजे सव्वाशे किलो धरले तर दहा हजार बैल म्हणजे साडेबाराशे टन. आजच्या एका भरलेल्या मालगाडीच्या निम्म्याहूनही कमी. पण डिझेल नाही, रूळ नाहीत, आणि चाऱ्याचा खर्चही जवळजवळ नाही, कारण बैल वाटेत चरत चरत जायचे. म्हणूनच वेग दिवसाला सहा-सात मैल. स्वस्त आणि संथ. हे जमायचं ते एका अटीवर, की वाटेतली कुरणं, पडीक रानं आणि पाणवठे सगळ्यांसाठी मोकळे असले पाहिजेत. ही अट लक्षात ठेवा, कारण बैलांचा धंदा मोडला तो एकट्या इंजिनामुळं मोडला नाही.

आमचं धारूर या गोष्टीत येतं ते बालाघाटामुळं. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, खाली गोदावरीकडचं मैदान. किल्ला बरोबर त्या धारेवर आहे. विजापूरच्या आदिलशहाचा सरदार किश्वरखान यानं १५६७ मध्ये तो बांधला. जानेवारी १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखानानं तो निजामशाहीकडून घेतला आणि गावाचं नाव झालं फतेहाबाद. ते साल आठवतंय का? दख्खनच्या १६३०-३२ च्या दुष्काळाचं मधलं वर्ष. शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. धारूर घेतल्यावर आझमखान परांड्याला वेढा घालायला गेला, पण आसपास घोड्यांना आणि जनावरांना चाराच उरला नाही म्हणून वेढा उठवून त्याला परत धारूरकडे यावं लागलं. त्या काळात मोठी फौज चालायची ती बंजाऱ्यांच्या बैलांवर. धान्य तेच आणायचे. चारा संपला की बैल थांबले, बैल थांबले की फौज थांबली. १८०३ मध्ये वेलस्ली मराठ्यांशी लढायला आला, तिकडं जालन्याजवळ असईला लढाई झाली, तेव्हाही त्याच्या फौजेचं धान्य बंजाऱ्यांच्याच बैलांवर होतं. इतिहासाच्या पुस्तकात सेनापतीचं नाव येतं, गोणीवाल्याचं येत नाही. आमच्या गावच्या किल्ल्यावरच्या माहितीतही येत नाही.

धारूरला धबधबे आहेत का? आहेत, चार महिन्यांचे. घाटात पाऊस लागला की काळ्या दगडावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात, दिवाळीनंतर सीताफळं संपतात तोवर त्याही गेलेल्या असतात. जिल्ह्यात नाव घेण्यासारखे दोन. बीडजवळचं कपिलधार, जिथं मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि पाटोदा तालुक्यातलं सौताडा, जिथं दरीच्या तळाला रामेश्वराचं देऊळ आहे. दोन्हीकडे वाट देवासाठी पडलेली. माझी आजी कपिलधारला जाऊन आली तेव्हा धबधब्याबद्दल एवढंच म्हणाली होती, “पाणी लई गार होतं रे.” तिच्या लेखी ती जागा स्वामींची, पाणी त्यांच्याकडचं. आमच्याकडे पाणी बघायला म्हणून कुणी जायचं नाही. पाणी आणायला जायचं.

आमच्या रानाशेजारी एक तांडा आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी गेल्या दिवाळीत विचारलं, “आजोबा, तुमच्यात जुन्या मिठाच्या धंद्याचं काही सांगतात का?” ते हसले. “मीठ आता किराणा दुकानातून आणतो बाबा. पुडी फोडायची अन् टाकायचं.” मग थोडं थांबून म्हणाले, “बैलाचं विचार. बैलाचं सांगतो.” आणि त्यांनी सांगितलं ते लग्नाचं. जुन्या रीतीत नवरी सासरी निघाली की तिला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभं करतात आणि ती माहेर सोडण्याचं गाणं रडत रडत म्हणते. गोण्या गेल्या, घाट गेले, वाट गेली. बैल लग्नात राहिला. सेवालाल महाराजांच्या गोष्टींमध्येही तो आहे. त्यांचा जन्म परंपरेनं १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात, आणि आता त्या दिवशी आमच्या तालुक्यातही मिरवणूक निघते.

रेल्वे आली आणि बंजारा देशोधडीला लागले, असं एका वाक्यात सांगायचा मोह होतो. बऱ्याच लेखांत तसं असतंही. पण रूळ पडायच्या आधीच पक्के रस्ते होऊ लागले होते आणि त्यावरून बैलगाडी पाठीवरच्या गोणीपेक्षा जास्त माल नेत होती. जंगलं राखीव झाली, पडीक रानं मोजणीत येऊन कुणाच्या तरी नावावर गेली, त्यामुळं फुकट चारा संपला. मघाशी म्हटलेली अट ती हीच. १८७६-७८ च्या दुष्काळात जनावरं मेली. मिठावर कराचा पहारा बसल्यामुळं मीठ वाहणारा माणूस आपोआप संशयित झाला. आणि १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात हळूहळू कितीतरी फिरत्या जमाती ओढल्या गेल्या, काही भागांत बंजारासुद्धा. ज्याच्या भरवशावर वेलस्लीची फौज जेवली त्याला पुढं पोलीस चौकीत हजेरी द्यायला लावलं. दूधसागरच्या पुलावरून गाडी गेली ती या सगळ्यावरचा शेवटचा घाव होती, पहिला नव्हे.

गंमत अशी, की ज्यांनी हा सौदा केला त्या पोर्तुगीजांनाही तो फळला नाही. करार बारा वर्षांचा होता. १८९२ मध्ये संपला आणि पुन्हा झाला नाही. जकातीची रेघ परत आली, रेल्वेला पुरेसा माल मिळेना, व्याजाची हमी मात्र गळ्यात. १९०२ मध्ये लाइन चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. गोव्यातल्या मिठागरांचं आणि त्यावर जगणाऱ्यांचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाडहून जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी निजामाची लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाली, ती आम्हाला वळसा घालून. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे आमच्या भागाला बैल जाण्याचा तोटा सव्वाशे वर्षं आधी मिळाला आणि गाडी येण्याचा फायदा आत्ता कुठं सुरू होतोय. धारूरला तर अजून नाहीच.

तांडे मग ठिकठिकाणी स्थिरावले, बहुतेक डोंगराच्या उतारावर, जिथं जमीन हलकी आणि पाणी कमी. म्हणजे चांगली जमीन आधीच वाटली गेली होती. १९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९७२ चा दुष्काळ पडला, आणि बीडचा डोंगरपट्टा ऊसतोडीला जायला लागला. धारूर तालुका त्यात पुढं. एकटे बंजारा जात नाहीत. वंजारी, दलित, मराठा, जमीन असलेले-नसलेले सगळे जातात. दसरा झाला की मुकादम उचल देतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, आणि मग ट्रॅक्टर-ट्रॉलीत संसार भरून सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. सहा महिने कोपीत. पाऊस यायच्या आधी परत. मी शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली निम्मी बाकं रिकामी असायची. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण दरवर्षीचंच ते.

आता ती क्रूझची यादी परत बघितली की ऊस आठवतोच. ती बेटं जगाला कळली ती साखरेमुळं. तिथली बंदरं साखर बाहेर पाठवायला वाढली. आधी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम, आणि गुलामगिरी संपल्यावर १८३८ पासून ब्रिटिश गयानात, १८४५ पासून त्रिनिदाद आणि जमैकात करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर. त्या कराराला आपले लोक गिरमिट म्हणायचे. आगाऊ पैसे, लांबचा मुलूख, कराराची मुदत संपेस्तोवर सुटका नाही. आमच्याकडची उचल आणि गिरमिट ही एकच गोष्ट आहे असं मी म्हणणार नाही. इथला माणूस दरवर्षी घरी येतो, मतदान करतो, मुकादमाशी भांडतोही. पण गिरमिटाबद्दल वाचताना मला शब्दकोश लागला नाही, एवढं खरं.

बंजारा समाजाच्या बाबतीत इतिहासाचा प्रश्न आज कागदाचा झालाय. एकाच समाजाची, एकाच बोलीची माणसं. तेलंगणात ती अनुसूचित जमातीत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, ‘विमुक्त’ हा शब्द तिथून आला. धारूरचा तांडा, कलबुर्गीचा तांडा आणि निजामाबादचा तांडा यांच्यात सोयरिकी होऊ शकतात, पण पोराच्या जातीच्या दाखल्यावर तीन वेगळे शब्द येतात. पूर्वी या सगळ्यांमधून एकच वाट जायची, आता त्यावर राज्यांच्या सीमा आहेत. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा विषय मराठा आरक्षणामुळं पुढं आला, तेव्हा मराठवाड्यातले बंजाराही रस्त्यावर उतरले. त्याच गॅझेटात आमची नोंद जमात म्हणून आहे, आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या, ही मागणी. बीडमध्ये मोठा मोर्चा झाला. आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. कोण बरोबर हे ठरवण्याइतका माझा अभ्यास नाही, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं एका रकान्यात काय लिहिलं यावर आजच्या पोराची इंजिनिअरिंगची सीट ठरते, हे मी कॉलेजात असताना शेजारच्या बाकावर पाहिलंय.

दूधसागरच्या वाटेवरून माल अजूनही जातो. मुरगावला परदेशी कोळसा उतरतो आणि घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. चढ तोच, १:३७. जड गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. ही लाइन दुपदरी करायचं ठरलं, जोडीला चौपदरी महामार्ग आणि विजेची मोठी वाहिनी. तिन्ही प्रकल्प भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून जाणारे. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात मंजुऱ्यांचं काम पुढं सरकलं आणि गोव्यात ‘आमचे मोले’ आंदोलन उभं राहिलं. चांदरला लोक रात्री मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसले होते. त्यांचं म्हणणं होतं की दुसरा रूळ प्रवाशांसाठी नाही, कोळशासाठी आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी रद्द केली. त्या पट्ट्यातला पूल त्यामुळं आजही एकेरीच आहे.

मुरगावला उतरलेला क्रूझचा प्रवासी या रुळांवरून चालत नाही. तो गाडीनं कुळ्याला येतो. पावसाळा संपला की तिथून जीप सुटतात. लाइफ जॅकेट भाड्यानं घ्यायचं, जंगलातून ओढे ओलांडत जायचं, शेवटचा तुकडा दगडांवरून पायी. मग पाण्याशी ठरलेला वेळ. बहुतेक जण मान वर करून फोन धरतात, फ्रेममध्ये पूल बसवायला. वरून गाडी गेली तर सगळे ओरडतात. ती प्रवासी गाडी असली की खिडक्यांतून हात हलतात. मालगाडी असली तर तिला जास्त वेळ लागतो, डब्यामागून डबा, आणि मागं ढकलणाऱ्या इंजिनाचा आवाज पाण्याच्या आवाजावरही चढतो. गाइड तेवढ्यात घड्याळ बघून परत फिरायला सांगतो, कारण बंदर अजून सत्तर-एक किलोमीटर लांब असतं.